नमुना पाहून घेतलेली सायकल

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकही नवी वस्तू विकत घेतली नाही. कपडे आणि औषधं सोडून. कपड्यांचंही मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण त्यांच्याकडे एक तपकिरी कोट होता आणि त्याच्या आतल्या खिशावर दुसऱ्याच कोणाची तरी आद्याक्षरं दोऱ्यानं काढलेली होती. आमचा कूलर, कपाट, इन्व्हर्टर, शिलाई मशीन, इतकंच काय, देव्हारासुद्धा आधी कोणाच्या तरी घरी नांदून आलेला. "नव्या वस्तूचा काय भरोसा?" ते म्हणायचे. "कोणी वापरून पाह्यली का? नाही ना? मंग चांगली आहे म्हणून सांगते कोण? दुकानदार. त्याचं तं पोटच त्याच्यावर आहे."

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींनी सारी उमर तुमसरच्या धान मार्केटमध्ये दलाली केली. शेतकऱ्याच्या पोत्याला परखी टोचायची, म्हणजे ती पन्हळीसारखी टोकदार सळई, तिच्यातून मूठभर धान तळहातावर घ्यायचं, फुंकर मारायची, दोन दाणे दाताखाली दाबायचे आणि भाव सांगायचा. धान किती ओलं, गिरणीत त्याची कणी किती पडेल, सगळं त्या मुठीत. दुसरी मूठ ते कधी घेत नसत. "पोतं उपसून पाह्यते तो दलाल नसते, उंदीर असते," हे त्यांचं ब्रीद.

ही पद्धत ते माणसांनाही लावत. माझं पहिलं ठरलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं. मामाजी मला पाहायला आले तेव्हा माझ्या काकूनं ही गोष्ट दबक्या आवाजात त्यांच्या कानावर घातली. मामाजींनी तोंडातला पोह्यांचा घास आधी गिळला आणि म्हणाले, "त्याले माल पारखता नाही आला. आपण उचलू." अशा बोलण्यावर रागवावं की खूश व्हावं, हे मी अजूनही ठरवलेलं नाही. लग्न मात्र झालं.

पुढे मी रक्त-लघवी तपासायची लॅब काढली. त्यांना ती फार आवडली. "तू भी माझ्याच धंद्यातली झाली वो सूनबाई," ते म्हणाले. "नमुना काढाचा, पाहाचा अन् सांगाचं. फक्त तुही परखी बारीक." त्यांना साखरेचा आजार होता. बोटाला सुई टोचायची वेळ आली की ते हात पुढे करून म्हणत, "लाव परखी."

धंदा पुढच्या पिढीच्या दलालांकडे गेला, तरी मामाजी रोज सकाळी स्कूटरवरून मार्केटला जायचे. स्कूटर अर्थातच तिसऱ्या हातची. टिनाच्या शेडखाली त्यांचे जुने दोस्त बसत. धानाचे ढीग पडत, बोली लागत, आणि एखाद्या दाण्यावरून वाद झाला की कोणीतरी मूठ पुढे करून म्हणे, "जरा पाहा जी." त्या मुठीसाठी ते जगत होते असलं काही मी म्हणणार नाही. पण मार्केट बंद असलं की ते माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचे नमुने काढत बसायचे आणि तुरीच्या डाळीला नापास करायचे. त्यामुळे मार्केट उघडं असावं आणि ते तिथं असावेत, यात माझाही स्वार्थ होता.

एका सकाळी ते उपाशीपोटी निघाले आणि रस्त्यात त्यांना घेरी आली. स्कूटर त्यांनी कशीबशी कडेला लावली आणि खाली बसले. मार्केटच्या दोन हमालांनी त्यांना ओळखलं आणि पोती वाहायच्या ठेल्यावर बसवून घरी आणून सोडलं. सारा रस्ता लोकांनी पाहिलं. साखर खाली गेली होती, खाऊन वर आली. पण माझ्या नवऱ्यानं त्याच आठवड्यात स्कूटर विकून टाकली. नवरा शाळेत मास्तर आहे, त्यामुळे त्याला एकदा नियम केला की बरं वाटतं.

"बाबा, उद्यापासून मी सोडीन तुमाले मार्केटात," तो म्हणाला. "शाळा सुटली का आणीन."

"मी पोतं आहो का रे?" मामाजी म्हणाले. "एकानं चढवाचं, एकानं उतरवाचं."

थोडे दिवस ते गेले तसे. पण शाळा सुटायची दुपारी, आणि मार्केटातली बोली संपून दोस्त घरी गेले तरी हे शेडखाली एकटे, मुलाची वाट पाहत. मग त्यांनी जाणंच बंद केलं. सकाळी अंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून ते ओसरीवरच्या खुर्चीत बसायचे. जायचं कुठंच नाही, तरी टोपी. माझ्या नवऱ्याला वाटलं, बाबा समजले. मला ती टोपी बरी दिसत नव्हती.

माझी मावसबहीण जवाहरनगरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहते. तिच्या शेजारचा एक तरुण इंजिनिअर बदली होऊन चालला होता आणि त्याला सायकल विकायची होती. सायकलवरून पडला तर निदान कमी जोरानं पडेल, असा हिशेब करून नवरा तयार झाला. मामाजी तर वापरलेली वस्तू म्हटल्यावरच खुर्चीतून उठले. रविवारी मी त्यांना गाडीत घालून जवाहरनगरला नेलं.

सायकल बारीक अंगाची, काळी. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. मामाजींनी ती एका हातानं उचलली. नळीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावला. रंगावरून अंगठा फिरवला, पुढचं चाक उचलून फिरवलं आणि ते थांबेपर्यंत डोळे मिटून ऐकत राहिले. चावायची तेवढी बाकी ठेवली.

"अंकल, इसमें एक चीज़ बताना है," इंजिनिअर म्हणाला.

मामाजींनी हात वर केला. "माल देखते टाइम बेचनेवाला नहीं बोलता."

"नहीं अंकल, वो पैडल का..."

"बेटा, मैं देख रहा हूँ ना."

"तो एक बार चला के देख लीजिए."

यावर मामाजींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू त्यानं त्यांना सगळं पोतं जमिनीवर ओतायला सांगितलं होतं. नमुना पाहून झाला होता. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा हात ओढून दुपट्ट्याखाली घेतला आणि त्याची बोटं दाबायला लागले. जुन्या मार्केटात भाव असाच ठरे, वरून कोणाला दिसू नये म्हणून. त्या पोराला यातलं काय ठाऊक. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला बदलीचं दुःख झालं. तोही बिचारा दुसऱ्या हातानं मामाजींचा खांदा थोपटत राहिला. शेवटी मीच तोंडानं भाव विचारला आणि मोबाईलवरून पैसे पाठवले. परतताना मामाजी म्हणाले, "पोट्टा कच्चा आहे धंद्यात. पण माल चोख."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल घेऊन निघाले आणि घरी परत आले ते केसांत, कानांत आणि बंडीच्या खिशात धानाचा कोंडा घेऊन. आमच्या गल्लीच्या वळणावर राइस मिल आहे, तिच्या मागे कोंड्याचा डोंगर असतो.

"हे काय?" मी विचारलं.

"मिलमंधी गेलतो. जुनी वळख आहे."

"कोंड्यात बसून बोलले का मिलवाले?"

त्यांनी अंघोळीचं पाणी मागितलं. ते न्हाणीघरात असताना मी अंगणात सायकल हातानं चालवून पाहिली. चाक फिरलं तसे पायडलही फिरले आणि एक पायडल येऊन माझ्या पिंडरीवर असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. मी मागचं चाक उचलून फिरवलं. पायडल चाकाबरोबर फिरतच राहिले. साध्या सायकलवर आपण पाय थांबवले तरी चाक पुढं जात राहतं. हिच्यात ती सोयच नव्हती. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. जोर लावून पायच हळू केले तर सायकल हळू होणार. आणि ब्रेक नव्हता. एवढ्या बारकाईनं पाहिलेल्या वस्तूला ब्रेकच नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मामाजींनी वळणावर सवयीनं पाय थांबवले असणार आणि सायकलीनं त्यांना सीटवरून उचलून कोंड्यात ठेवलं असणार. तो इंजिनिअर जे सांगत होता ते हेच.

"तुमच्या मुठीत हे नाही आलं," ते बाहेर आल्यावर मी म्हणाले.

"आलं होतं," ते म्हणाले. "मी बोललो नाही."

माणूस खोटं बोलतानाही टोपी नीट करत होता. मग खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्याले सांगशीन का?"

त्याले म्हणजे त्यांच्या मुलाला. नवऱ्याला कळलं असतं तर सायकल त्याच संध्याकाळी गेली असती आणि मामाजी कायमचे ओसरीवर. ते मला मागत काहीच नव्हते, फक्त पाहत होते. मला रडकी दृश्यं जमत नाहीत. मी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, माझ्या हातावर टाकला आणि म्हणाले, "या. सौदा करू."

बायकांशी दुपट्ट्याखाली सौदा त्यांनी उभ्या जन्मात केला नसेल. आधी ते गडबडले, मग धंद्याची सवय वरचढ झाली. मी त्यांची दोन बोटं दाबली.

"दोन काय?"

"दोन अटी. सायकलीला ब्रेक लागेल. आणि रोज निघायच्या आधी मी साखर पाहणार. कमी निघाली तर त्या दिवशी सायकलवर बसायचं नाही."

त्यांनी माझं एकच बोट दाबलं. मी पुन्हा दोन. ते पुन्हा एक. असं बराच वेळ चाललं. आमची कामवाली दारात उभी राहून पाहत होती, तिला वाटलं असेल दोघंही कामातून गेले. शेवटी त्यांनी दोन्ही बोटं दाबली, दुपट्टा झटकला आणि म्हणाले, "महागात पडली."

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. लपवाछपवी मला परवडत नाही, लक्षात ठेवावी लागते. तो भडकला. "बाबा बह्याडले अन् तूही?" म्हणाला. मी म्हटलं, ब्रेक बसतो आहे, साखर मी पाहते आहे, आणि तुला त्यांना खुर्चीतच ठेवायचं असेल तर उद्यापासून डाळीचे नमुने तुझ्यासमोर निघतील. त्यानं विचार करायला वेळ मागितला आणि मग विषय काढला नाही. मास्तर लोक असेच परवानगी देतात.

सायकलवाल्यानं पुढच्या चाकाला ब्रेक बसवला. मामाजींनी गल्लीत, मग मिलपर्यंत, मग मार्केटच्या रस्त्यावर सराव केला. आणि सायकल जमल्याबरोबर ते तिची तारीफ करू लागले. दलालाची ही जुनी रीत. माल दुसऱ्याचा असेपर्यंत त्यात खोट दिसते, आपला झाला की तीच खोट गुण होते. "बाकीच्या सायकली माणसाले फुकट नेते," ते लोकांना सांगायचे. "हे फुकट नाही नेत. जेवढे पाय तेवढा रस्ता. हिशेब साफ."

मार्केटात मात्र त्यांची गंमत होई. ब्रेक एकदम दाबायची त्यांना भीती वाटे आणि पाय हळू करायला वेळ लागे. म्हणून ते यार्डात शिरले की एखाद्या धानाच्या ढिगाभोवती गोल गोल फिरत वेग कमी करायचे. फिरता फिरता बोलणंही चालू.

"काय भाव निघाला जी?" एका फेरीत विचारायचे आणि उत्तर पुढच्या फेरीत ऐकायचे.

"दलालजी, उतरा आता. चहा थंडा होऊन राहिला," दोस्त ओरडायचे.

"येऊन राहिलो ना. दोन चकरा बाकी आहे."

एकदा लॅबचे रिपोर्ट द्यायला मी त्या बाजूला गेले होते तेव्हा हे स्वतः पाहिलं. टोपी ताठ, दुपट्टा उडतो आहे, आणि एक शेतकरी मूठभर धान हातात धरून त्यांच्यामागे ढिगाभोवती फिरतो आहे. मी न थांबता पुढे गेले. अशा वेळी सुनेनं दिसू नये.

सकाळचा आमचा क्रम ठरून गेला. मी सुई टोचायची, आकडा सांगायचा, ते "पास?" विचारणार, मी "पास" म्हणणार. मग ते फाटकातून सायकल हातानं बाहेर काढत, आणि रोज तो पायडल फिरून त्यांच्या पिंडरीवर बसे. मी आतून ओरडायची, "मामाजी, पाय सांभाळा." त्यावर ते रोज म्हणत, "माहीत आहे मले." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोला.

ऐन धानाच्या हंगामात, मार्केटला उभं राहायला जागा नसते अशा दिवसांत, एका सकाळी साखर कमी निघाली. त्यांनी आकडा माझ्या तोंडावर वाचला.

"नापास?"

"नापास. बसा. साखरपाणी आणते."

ते प्यायले, बिस्किटं खाल्ली, मी पुन्हा पाहिली. सुधारली होती. पण सौदा सौदा होता. त्यांनी दुपट्टा काढून हातावर पसरला. मी हात दिला नाही. वाटलं आता वाद घालतील, मार्केटला आज काय काय आहे ते सांगतील. त्यांनी फक्त दुपट्टा परत खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "सायकलवर बसाचं नाही असं ठरलं होतं. सायकल न्याची नाही असं नोतं ठरलं."

आणि ते सायकल हातात धरून पायी निघाले. एकट्यानं जाऊ देणं शक्य नव्हतं आणि सोबत येते म्हटलं असतं तर ते फिरून ओसरीवर बसले असते. माझी लॅब त्याच रस्त्यावर. मी पिशवी घेतली आणि बऱ्याच अंतरानं मागं चालत राहिले. रस्त्यानं ट्रॅक्टर, धानाच्या गाड्या, आणि त्यांच्या कडेनं हे, टोपीत, हळूहळू. शेजारी सायकल, आणि तिचे पायडल रिकामेच आपले फिरतायत. मार्केटच्या दारात कोणीतरी विचारलं, "पैदल काहून जी आज?"

"चेन उतरली," मामाजी म्हणाले.

आणि मागं वळून न पाहता पुढे म्हणाले, "सूनबाई, आता जाय लॅबमंधी. पेशंट थांबले असतीन."

तेव्हापासून मी त्यांना फसवायचा प्रयत्न सोडला.

ते सायकलवरून पडून गेले नाहीत. लोक तेच विचारतात म्हणून सांगते. मार्केटहून आले, जेवले, टोपी खुंटीला लावली, दुपारी झोपले आणि उठले नाहीत. त्या सकाळी साखर उत्तम होती.

सायकलीबद्दल त्यांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं. "मी गेलो का विकून टाकजो. फोटोसारखी उभी ठेवशीन तं गंजून जाईन. वस्तूले माणसाचा हात लागला पाह्यजे." मला पटलं होतं. घरात अडगळ मलाही चालत नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर मी ओळखीत सांगून ठेवलं आणि माणसं येऊ लागली. एकाचे पाय पुरत नव्हते. एकानं सायकल न पाहताच भाव पाडायला सुरुवात केली. एकीला ती मुलासाठी हवी होती आणि मुलगा मोबाईलमधून मान वर काढत नव्हता.

मग परवा एक गृहस्थ आले. बँकेत बदलून आलेले, पुण्याकडचे. त्यांना अशा सायकलींची चांगली माहिती होती. मी आधीच सांगितलं, "हिचे पायडल थांबत नाहीत. आणि चालवून पाहिल्याशिवाय मी देत नाही." ते हसले, बसले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. वळणावर पाय थांबवले नाहीत. येऊन अगदी सफाईनं उभे राहिले. गिऱ्हाईक म्हणून माल चोख होता, हे मला मान्य करावं लागलं.

"ताई, एक नंबर आहे," ते म्हणाले. "जपली आहे छान. मी घेतो. फक्त हा ब्रेक काढून टाकीन. असल्या फिक्स्ड गिअरच्या सायकलीला ब्रेक शोभत नाही."

"मग नाही जमायचं," मी म्हणाले.

"अहो, माझी सवय आहे. मी वर्षानुवर्षं चालवतोय."

"असेल. ब्रेक सौद्यात आहे."

"कोणत्या सौद्यात?"

मी सांगितलं नाही. ते बिचारे हेल्मेट घालून, मागं वळून पाहत निघून गेले. ओसरीवर नवरा वह्या तपासत होता. "किती लोकांले वापस पाठवशीन अजून?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"नमुने पास होत नाहीत, त्याला मी काय करू?"

मी फाटक उघडलं आणि सायकल हातानं आत घ्यायला लागले. चाकाबरोबर पायडल फिरले आणि नेहमीच्या जागी, पिंडरीवर, टोला बसला.

"मामाजी, पाय सांभाळा," मी म्हणाले.

नवऱ्यानं वहीवरचा लाल पेन थांबवला. मी सायकलीला कुलूप लावलं आणि लॅबला गेले. पेशंट थांबले होते.